सोबत्याचा शोध : लिंकन ते मेआरिकूर

इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकनशायर नावाचा परगणा आहे. प्रदेश बहुतांशी सपाट, शेतीचा आणि सतत वाऱ्याचा. या सपाटीतून लिंकन शहराची टेकडी एकदम वर येते आणि तिच्या माथ्यावर मध्ययुगीन कॅथीड्रलचे तीन मनोरे दूरवरून दिसतात. दुसऱ्या महायुद्धात हे मनोरे हजारो तरुण वैमानिकांच्या ओळखीचे झाले होते. सायंकाळी मोहिमेवर निघताना मागे राहणारी ही अखेरची खूण असे आणि पहाटे परतणाऱ्यांना घर जवळ आल्याचे तीच सांगत असे. त्या काळी या परगण्यात इतके लष्करी विमानतळ होते की त्याला ‘बॉम्बर काउंटी’ असे नाव पडले.

शहराच्या दक्षिणेस कॅनविक नावाची दुसरी टेकडी आहे. तेथून समोर कॅथीड्रल दिसते. या टेकडीवर पोलादाचा एक उंच निमुळता स्तंभ उभा आहे. त्याची उंची ३१.०९ मीटर, म्हणजे लँकास्टर या बॉम्बफेकी विमानाच्या पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीइतकी. स्तंभाभोवती गंजाच्या रंगाच्या पोलादी भिंती असून त्यांत सुमारे ५८,००० नावे कोरली आहेत. हे इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर होय. स्तंभाचे अनावरण २०१५ मध्ये झाले आणि संपूर्ण केंद्र एप्रिल २०१८ मध्ये खुले झाले.

या भिंतींपुढे येणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे असतात. काहीजण आपल्या घरातील नाव शोधतात. ते सापडले की त्यावरून बोटे फिरवतात, छायाचित्र घेतात आणि थोडा वेळ स्तब्ध उभे राहतात. दुसऱ्या प्रकारच्या लोकांच्या हातात एक जुने छायाचित्र असते. विमानासमोर सात तरुण उभे आहेत. त्यांपैकी एक आपला आजोबा, काका किंवा मामा. तो युद्धातून जिवंत परत आला, संसार केला, म्हातारा झाला आणि गेला. युद्धाविषयी तो फारसे बोलला नाही. परंतु त्याच्या बोलण्यात एखादे नाव मात्र पुनःपुन्हा येत असे आणि तेही बहुधा टोपणनाव. हा माणूस कोण होता, कोठून आला होता, त्याचे पुढे काय झाले, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. आपला माणूस कदाचित त्याच्यामुळेच घरी परतला असेल, ही जाणीव मात्र मागे उरलेली असते. अशा सोबत्याचा शोध घेणे हा ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांतील अनेक कुटुंबांचा आज जिव्हाळ्याचा विषय झाला आहे. आणि या शोधाचा एक ठरावीक मार्ग आहे.

सात जणांचे कुटुंब

लँकास्टर विमानात सात जण असत. पायलट, फ्लाइट इंजिनिअर, मार्ग काढणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर, पाठीवरच्या काचेच्या घुमटात बसणारा एक गनर आणि शेपटीच्या टोकाशी एकटा बसणारा दुसरा गनर. हे सात जण एकत्र येण्याची पद्धत लष्करी शिस्तीला न शोभणारी होती. प्रशिक्षण केंद्रातील मोठ्या खोलीत किंवा विमानांच्या छपराखाली सर्वांना एकत्र सोडले जाई आणि आपापले सोबती आपणच निवडा, असे सांगितले जाई. कोणी कोणाच्या चेहऱ्यावरून, कोणी बोलण्यावरून, कोणी एकाच गावचा म्हणून जोडीदार निवडत असे. फ्लाइट इंजिनिअर बहुधा नंतर, चार इंजिनांच्या विमानांच्या प्रशिक्षणाच्या वेळी येऊन मिळे. या निवडीवर पुढे सातही जणांचे प्राण अवलंबून असत.

चमूतील माणसे एकाच देशाची असतील असेही नव्हते. ब्रिटिश पायलटच्या शेजारी कॅनडाचा बॉम्ब एमर, ऑस्ट्रेलियाचा वायरलेस ऑपरेटर आणि न्यूझीलंडचा गनर असे. सर्वजण स्वेच्छेने आलेले. एक फेरी पूर्ण होण्यासाठी साधारणपणे तीस मोहिमा कराव्या लागत. बॉम्बर कमांडच्या विमानांतून सुमारे १,२५,००० जणांनी सेवा केली. त्यांपैकी ५५,५७३ जण मृत्यू पावले, म्हणजे शंभरातील चव्वेचाळीस. आणखी सुमारे दहा हजार युद्धकैदी झाले. हे प्रमाण लक्षात घेतले की परत आलेली माणसे गप्प का राहिली, याचा काहीसा उलगडा होतो.

क्यू येथील रोजकीर्द

शोधाचा खरा आरंभ होतो तो लंडनच्या पश्चिमेस क्यू येथे. वनस्पती उद्यानामुळे हे नाव अनेकांना परिचित आहे. तेथून जवळच ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. वाचकपत्र मोफत मिळते आणि मूळ दस्तऐवज मेजावर येतो. प्रत्येक स्क्वाड्रनला ‘ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक’ ठेवणे बंधनकारक होते. या वह्या ‘एआयआर २७’ या मालिकेत जतन केल्या आहेत. व्यापारी घराण्यातील माणसाला त्यांची रचना लगेच कळेल. फॉर्म ५४० ही जणू रोजकीर्द. त्या दिवशी हवामान कसे होते, किती विमाने गेली, कोण आले, कोण बदलून गेले, याची तारीखवार नोंद. फॉर्म ५४१ म्हणजे खतावणी. प्रत्येक विमानाचा क्रमांक, त्यातील प्रत्येकाचे नाव, उड्डाणाची वेळ, परतण्याची वेळ आणि मोहिमेचा संक्षिप्त वृत्तांत.

जे विमान परत आले नाही, त्याच्या बाबतीत परतण्याच्या वेळेचा रकाना रिकामा असतो. पुढे एखादेच वाक्य. उड्डाणानंतर काहीही संपर्क झाला नाही, एवढेच. दुसऱ्या दिवशीच्या पानावर नवी नावे, नवे विमान आणि पुढची मोहीम. कारकुनाचे हस्ताक्षर किंवा टंकलेखन पूर्वीसारखेच नीटनेटके.

या कागदांवर काम करणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की नावापेक्षा सेवा क्रमांकावर विश्वास ठेवावा. एकाच आडनावाची आणि एकाच आद्याक्षराची माणसे कितीतरी असतात, आणि घाईत लिहिलेली नावे चुकतात. परंतु यातही एक अडचण आहे. साधा वैमानिक अधिकारी झाला की त्याला नवा क्रमांक मिळत असे. त्यामुळे एकच माणूस कागदोपत्री दोन माणसे होऊन बसतो, आणि शोध घेणारा अर्ध्या वाटेवर थांबतो. अशा वेळी ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रातील नेमणुकांच्या याद्या उपयोगी पडतात. दुसरी गोष्ट म्हणजे कोणत्याही एका वहीवर विसंबू नये. विमानाचा क्रमांक किंवा अक्षर यांत चूक असू शकते. स्क्वाड्रनची वही, अपघाती मृत्यूंच्या फायली, राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंद आणि कुटुंबातील कागद यांचा ताळमेळ बसला, तरच नोंद पक्की समजावी.

वैमानिकाची स्वतःची उड्डाणवही मिळाली तर फारच मोलाची. ब्रिटिश वैमानिक रात्रीच्या मोहिमा लाल शाईने आणि दिवसाच्या हिरव्या शाईने लिहीत. पण युद्धानंतर कोणी न नेलेल्या बहुसंख्य उड्डाणवह्या १९६० च्या सुमारास नष्ट करण्यात आल्या आणि नमुन्यादाखल थोड्याच ठेवल्या गेल्या. म्हणून ज्या कुटुंबाच्या कपाटात अशी वही आहे, तेथे केवळ आपल्याच नव्हे, तर आणखी सहा घरांचा इतिहास ठेवलेला असतो.

सोबती परदेशचा असेल तर मार्ग बदलतो. युद्धात मृत्यू पावलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या सेवानोंदी ओटावा येथील अभिलेखागारात सर्वांना पाहता येतात. ऑस्ट्रेलियन वैमानिकांच्या मृत्यूविषयक फायली त्या देशाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पण जो जिवंत परतला, त्याच्या वैयक्तिक नोंदी मिळवणे नातेवाईक नसलेल्याला कठीण जाते. सोबती हा रक्ताचा नातेवाईक नसतो. ज्या माणसाने सहा जणांबरोबर मृत्यूच्या छायेत रात्री काढल्या, त्याच्यावर त्या सहा जणांच्या कुटुंबांचा कायद्याने कोणताही हक्क नसतो.

येथे एक नाजूक प्रश्नही उभा राहतो. कधी कधी सोबत्याचे नाव वहीतून एकाएकी नाहीसे होते. तो आजारी पडला असेल, त्याची फेरी पूर्ण झाली असेल किंवा त्याची बदली झाली असेल. क्वचित असेही घडलेले असते की त्याने पुढे उड्डाण करण्यास नकार दिला. अशा माणसांवर धैर्याचा अभाव असल्याचा शेरा मारला जाई आणि त्यांचे मानचिन्ह काढून घेतले जाई. वीस-बावीस मोहिमा केलेल्या तरुणावरही तो शेरा बसू शकत असे. आज त्याच्या नातवंडांना हे कळवावे काय? अनुभवी अभ्यासक अशा वेळी घाई करीत नाहीत. नोंद नाही म्हणून तर्क करावयाचा नाही, आणि नोंद असलीच तर त्यापूर्वीच्या सगळ्या मोहिमांसह ती सांगावयाची, हा त्यांचा नियम आहे.

हेंडन आणि एक मराठी नाव

लंडनमध्ये मुलांकडे राहावयास जाणाऱ्या वाचकांना सहज जाता येईल असे ठिकाण म्हणजे हेंडन येथील रॉयल एअर फोर्सचे संग्रहालय. कॉलिन्डेल स्थानकापासून ते जवळ आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. बॉम्बर कमांडच्या नष्ट झालेल्या विमानांची नोंदपत्रे येथेच जतन केली आहेत. येथे आर-५८६८ क्रमांकाचे लँकास्टर उभे आहे. शंभराहून अधिक मोहिमा करून ते शाबूत राहिले. त्याच्या नाकावर प्रत्येक मोहिमेसाठी रंगवलेल्या लहान बॉम्बच्या ओळी आहेत. त्याखाली उभे राहून वर पाहिले की सात जणांना किती अरुंद जागेत सात-आठ तास काढावे लागत, याची कल्पना येते. शेपटीकडे जाण्यासाठी तर जवळजवळ रांगतच जावे लागे.

हे विमान आरंभी ८३ व्या स्क्वाड्रनकडे होते. याच स्क्वाड्रनमध्ये शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे भारतीय नॅव्हिगेटर होते आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले. हेंडनला जाणाऱ्या मराठी माणसाने हे नाव आठवावे. एखाद्या इंग्रज घरातील छायाचित्रातील अनोळखी सोबती आपल्या प्रांतातला असू शकतो.

वहीत नसलेली गोष्ट

कागदपत्रे कोठवर नेतात आणि कोठे थांबतात, हे ज्या एका चमूच्या इतिहासातून स्पष्ट दिसते, तो चमू कॅनडाच्या ४१९ व्या स्क्वाड्रनचा होय. हे स्क्वाड्रन इंग्लंडच्या ईशान्येस मिडलटन सेंट जॉर्ज येथे होते. १२ जून १९४४ च्या रात्री तेथून केबी-७२६ क्रमांकाचे लँकास्टर फ्रान्समधील काँब्रे येथील रेल्वे यार्डावर निघाले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरून सहाच दिवस झाले होते. पायलट आर्ट डी ब्रेन, शेपटीकडचा गनर पॅट ब्रॉफी आणि पाठीवरच्या घुमटातील गनर अँड्र्यू मायनार्स्की. मायनार्स्की हा विनिपेग येथील, पोलंडमधून स्थलांतरित झालेल्या कुटुंबातील मुलगा. त्याचे वय २७. ब्रॉफी आणि तो एकमेकांचे जिवलग मित्र होते.

जर्मन लढाऊ विमानाने हल्ला केला. डाव्या बाजूची दोन्ही इंजिने बंद पडली, पंख पेटला आणि विमानाच्या मागील भागात आग पसरली. पायलटने सर्वांना उडी मारण्याचा आदेश दिला. मायनार्स्की बाहेर पडण्याच्या दारापर्यंत पोहोचला होता. त्याने मागे वळून पाहिले तेव्हा ब्रॉफी आपल्या घुमटात अडकलेला त्याला दिसला. घुमट फिरविणारी यंत्रणा निकामी झाली होती. मायनार्स्की आगीतून रांगत मागे गेला. कुऱ्हाडीने आणि अखेर हातांनी त्याने दार उघडण्याचा प्रयत्न केला. त्याच्या कपड्यांना आग लागली. ब्रॉफीने त्याला परत जाण्यास खुणावले. तेव्हा तो मागे सरकत दारापाशी गेला, उभा राहिला, त्याने मित्राला सलाम केला आणि उडी मारली. पॅराशूट पेटलेले होते. तो जमिनीवर पोहोचला, पण भाजल्यामुळे लवकरच मृत्यू पावला.

विमान गोदिआंप्रे या खेड्याजवळ कोसळले. मृत्यू निश्चित समजून बसलेला ब्रॉफी त्या आघाताने घुमटातून बाहेर फेकला गेला आणि वाचला. फ्रेंच लोकांनी त्याला लपवून ठेवले. सप्टेंबर १९४४ मध्ये तो लंडनला परतला, तेव्हा त्याला मायनार्स्कीच्या मृत्यूची बातमी समजली. विमानाच्या मागील भागात त्या काही क्षणांत काय घडले, हे पाहणारा जगात तो एकटाच उरला होता. इतर सोबती पुढच्या बाजूने बाहेर पडले होते. काही लपून राहिले, काही कैदी झाले. १९४५ मध्ये चमूतील माणसे पुन्हा भेटली, तेव्हा ब्रॉफीच्या तोंडून ती हकीगत बाहेर आली आणि अधिकाऱ्यांपर्यंत गेली. ११ ऑक्टोबर १९४६ रोजी मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

स्क्वाड्रनच्या वहीत यातील काहीही असणे शक्य नव्हते. विमान परतले नाही, एवढेच वहीला ठाऊक. ब्रॉफीही त्या रात्री गेला असता, तर मायनार्स्कीचे नाव हजारो नावांतील एक होऊन राहिले असते. म्हणूनच सोबत्याचा शोध घेणाऱ्यांना वयोवृद्ध माणसांच्या आठवणी कागदांइतक्याच मोलाच्या वाटतात. लिंकनच्या केंद्राने अशा शेकडो आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत, त्या याच कारणासाठी.

मिडलटन सेंट जॉर्जचा तळ पुढे नागरी विमानतळ झाला. तेथे २००५ मध्ये मायनार्स्कीचा पुतळा उभारण्यात आला. आज जगात उडू शकणारी दोनच लँकास्टर आहेत. एक लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी येथे आणि दुसरे कॅनडातील हॅमिल्टन येथे. हॅमिल्टनच्या विमानावर केबी-७२६ ची अक्षरे रंगवली आहेत आणि ते मायनार्स्कीच्या नावाने ओळखले जाते. २०१४ मध्ये ते अटलांटिक ओलांडून इंग्लंडला आले आणि दोन्ही विमाने एकत्र उडाली.

ज्यांना समाधी नाही

युद्ध संपल्यावर रॉयल एअर फोर्सच्या विशेष पथकांनी बेपत्ता वैमानिकांचा गावोगाव शोध घेतला. खेड्यांतील नगरप्रमुख, धर्मगुरू आणि शेतकरी यांना भेटून त्यांनी थडग्यांची विचारपूस केली. इंजिनावरील क्रमांक, बोटातील अंगठी, कपड्यांवरील धोब्याची खूण एवढ्यावरून माणसे ओळखली. एकूण ४१,८८१ बेपत्ता होते. १९५० अखेर त्यांपैकी २३,८८१ जणांच्या समाधी निश्चित झाल्या, ९,२८१ जण समुद्रात गेल्याची नोंद झाली आणि ८,७१९ जणांचा ठाव लागला नाही.

ज्यांना समाधी नाही त्यांची नावे लंडनजवळ रनीमीड येथील स्मारकावर आहेत. खाली थेम्स नदीकाठी ते कुरण आहे, जेथे १२१५ मध्ये मॅग्ना कार्टावर राजाची मोहोर उमटली. वर टेकडीवर २०,००० हून अधिक नावांचे हे दगडी स्मारक. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी त्याचे उद्घाटन केले. भारतीय वंशाच्या नूर इनायत खान यांचे नावही येथेच आहे. भिंतींच्या अरुंद खिडक्यांतून प्रकाश तिरपा नावांवर पडतो. शोध येथे येऊन थांबला, तर पुढे जाण्यास वाट नसते.

या सर्व नावांचा विचार करताना बॉम्ब जेथे पडले, त्या जागेकडे पाठ फिरवता येत नाही. जुलै १९४३ मध्ये हँबुर्गमध्ये पस्तीस हजारांहून अधिक माणसे मेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये सुमारे पंचवीस हजार. त्यांत स्त्रिया आणि मुले होती. युद्धानंतर ब्रिटनमध्येही या मोहिमांविषयी अवघडलेपण राहिले. लंडनच्या ग्रीन पार्कमधील स्मारक २०१२ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर ६७ वर्षांनी उभे राहिले. तेथे सात वैमानिकांचे कांस्य पुतळे आहेत. त्याच स्मारकावर १९३९ ते १९४५ या काळात बॉम्बहल्ल्यांत मृत्यू पावलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचेही स्मरण केलेले आहे. सोबत्याचा शोध प्रामाणिकपणे घेणाऱ्याला त्याच्या धैर्याबरोबर हा हिशेबही मांडावा लागतो. वहीची एक बाजू लिहून ती बंद करता येत नाही.

मेआरिकूर

फ्रान्समध्ये आमियाँ शहराच्या पूर्वेस मेआरिकूर नावाचे लहान खेडे आहे. सभोवार सपाट शेते. गावच्या स्मशानभूमीत स्थानिक कुटुंबांच्या थडग्यांशेजारी वैमानिकांच्या पांढऱ्या शिळा आहेत. त्यांत एक शिळा मायनार्स्कीची. त्यावर व्हिक्टोरिया क्रॉसची आकृती आहे. ती सोडल्यास ती शिळा इतरांसारखीच दिसते. शेजारच्या शिळांखाली झोपलेल्या माणसांनीही कदाचित असेच काही केले असेल. ते सांगणारा त्यांचा ब्रॉफी मागे उरला नाही.

म्हणून ज्यांच्या घरात असे एखादे जुने छायाचित्र आहे, मग ते सैन्यातले असो, जुन्या पेढीतले असो किंवा शाळेतले, त्यांनी ते आजच काढून घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवावे आणि प्रत्येक चेहऱ्याचे नाव, गाव, नाते विचारून मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. क्यू येथील वह्या उद्याही तेथेच असतील. सांगणारी माणसे मात्र असतीलच असे नाही.